उच्च न्यायालयात मराठी: मागणी नेमकी कोणाकडे?

महोदय,

मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज मराठीत व्हावे, ही मागणी मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की जोर धरते आणि तिचा रोख न्यायालयावर असतो. पण गाठ बसली आहे ती १९४९ च्या तडजोडीत.

संविधान सभेने १२ ते १४ सप्टेंबर १९४९ असे तीन दिवस भाषेचा प्रश्न चर्चिला आणि अखेर मुन्शी आणि अय्यंगार या सदस्यांनी मांडलेला तडजोडीचा मसुदा, म्हणजे मुन्शी-अय्यंगार सूत्र, स्वीकारले. (यातले कन्हैयालाल मुन्शी मुंबई उच्च न्यायालयातलेच वकील!) हिंदीच्या कैवाऱ्यांना देवनागरीतली हिंदी संघराज्याची राजभाषा म्हणून मिळाली, दक्षिणेच्या पदरात पंधरा वर्षे इंग्रजी आणि आंतरराष्ट्रीय अंक (1, 2, 3) पडले. हिंदीच्या बाजूचे पुरुषोत्तमदास टंडन देवनागरी अंकांसाठी (१, २, ३) अडून बसले होते. आज गंमत वाटेल, पण अंकांवरून चांगलीच घासाघीस झाली. खरी मेख मात्र अनुच्छेद ३४३ च्या तिसऱ्या खंडात आहे: पंधरा वर्षांनंतरही संसद कायदा करून इंग्रजी चालू ठेवू शकते. दोन्ही बाजूंनी एकाच मजकुराला होकार दिला तो आपापला अर्थ मनात धरून. जानेवारी १९६५ मध्ये मुदत संपताना मद्रास राज्य हिंदीविरोधी आंदोलनाने पेटले ते त्यामुळेच.

न्यायालयांसाठी तर मुदतच घातली नाही. संसद वेगळी तरतूद करेपर्यंत सर्वोच्च व उच्च न्यायालयांची भाषा इंग्रजी, असे अनुच्छेद ३४८ सांगतो. त्यामुळे ‘पंधरा वर्षे केव्हाच उलटली’ हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही.

वाट आहे, पण दोन टप्प्यांची. ३४८(२) खाली राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने राज्यपाल राज्याची राजभाषा कामकाजात वापरू देऊ शकतात. मात्र न्यायनिर्णय, हुकूमनामे आणि आदेश त्याच खंडाच्या परंतुकाने (‘परंतु...’ अशा अपवादाच्या कलमाने) वगळले आहेत. म्हणजे युक्तिवाद मराठीत, निकाल इंग्रजीत. निकालासाठी राजभाषा अधिनियम, १९६३ चे कलम ७ लागते. तिथेही पूर्वसंमती हवी, शिवाय निकालासोबत उच्च न्यायालयाच्या अधिकाराने दिलेले इंग्रजी भाषांतर.

३४८(२) ची परवानगी राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार यांना हिंदीसाठी मिळाली. तमिळनाडूने तमिळसाठी मागितली, ती नाकारली गेली. १९६५ पासून अशा प्रस्तावावर सरन्यायाधीशांचे मत घेण्याचा पायंडा आहे आणि प्रस्ताव अडतो तो तिथे. या अनुच्छेदात अशा सल्ल्याचा उल्लेखही नाही, हे कोणी बोलत नाही.

तेव्हा राज्य सरकारने नुसता ठराव करून भागणार नाही. दोन्ही तरतुदींचा प्रस्ताव एकत्र पाठवावा, भाषांतरकारांची पदे आणि विधी परिभाषा यांचा तपशील जोडावा. आणखी एक अडचण: अनुच्छेद बोलतो तो ज्या राज्यात उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ आहे त्या राज्याच्या राज्यपालांबद्दल. आपल्या उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत गोवाही येतो. तिथली राजभाषा कोकणी. गोव्यातल्या खंडपीठाचे काय करायचे, हे प्रस्तावातच स्पष्ट लिहावे लागेल.

— एक वाचक, दादर, मुंबई