मागची चाकेही वळतात, पण हे नवे नाही

महोदय,

चारही चाके वळणारी मोटार हे युरोपीय कंपन्यांचे नवे तंत्र असल्याचे रविवारच्या पुरवणीत वाचले. मी अक्कलकोट रस्त्यावर २६ वर्षे व्हील अलाइनमेंट करतो, म्हणून राहवले नाही. जपान्यांनी हे १९८०च्या दशकातच रस्त्यावर आणले. १९८७च्या होंडा प्रिल्यूडमध्ये तर त्यासाठी संगणकही नव्हता. पुढच्या स्टिअरिंगपासून मागची चाके वळवणाऱ्या गिअरबॉक्सपर्यंत एक लांब शाफ्ट, बस्स. स्टिअरिंग थोडे फिरवले की मागची चाके पुढच्यांच्याच दिशेने जेमतेम १.५ अंश वळत. फिरवतच राहिलात तर सरळ होऊन उलट दिशेने ५.३ अंशांपर्यंत जात. वेगात आपण स्टिअरिंग थोडेच फिरवतो, गाडी लावताना पूर्ण. या एका सवयीवर सगळी यंत्रणा बेतलेली! त्यामुळे वेगात लेन बदलताना गाडीचा मागचा भाग झोल खात नसे. आणि आपल्या नवी पेठेत ती एका दमात वळली असती.

निस्सानच्या १९८९च्या स्कायलाइन जीटी-आरमध्ये हे काम संगणक आणि हायड्रॉलिक दाबावर चाले. पण ऐन वळणात मागून कुणी ढकलल्यासारखे वाटते, म्हणून कित्येक हौशी चालक ती यंत्रणा बंदच करून टाकतात. मला त्यांचे पटते. मागचा एक बॉलजॉइंट, म्हणजे चाक वळू देणारा गोल सांधा, झिजला तरी गाडी सरळ चालत नाही.

आणि कृपया ‘फोर-व्हील ड्राइव्ह’ची यात गल्लत करू नका; त्यात इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते, मागची चाके वळत नाहीत. रविवारपासून तीन गिऱ्हाइके विचारून गेली, आमची जीप मागूनही वळते का हो?

– एक अलाइनमेंट कारागीर, सोलापूर