कार्डाच्या नावाशेजारी वॉटही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल तोंडावर आला की आपल्या दैनिकात लॅपटॉपच्या पानभर जाहिराती सुरू होतात. यंदाही झाल्या. त्यातल्या गेमिंग लॅपटॉपच्या जाहिराती मी बारकाईने वाचतो, कारण जळगावात माझे लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान आहे आणि आज जाहिरातीत दिसणारे मशीन पुढच्या उन्हाळ्यात माझ्या टेबलावर येते. ग्राफिक्स कार्डाचे नाव, रॅम, एसएसडी, स्क्रीन किती हर्ट्झची, महिन्याचा हप्ता किती, हे सगळे जाहिरातीत ठळक असते. कार्ड किती वॉटचे, म्हणजे ते जास्तीत जास्त किती वीज ओढू शकते आणि त्या जोरावर किती पळू शकते, हे मात्र कुठेच नसते. हे पत्र त्या एका आकड्यासाठी आहे.

एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ४०६० या ग्राफिक्स कार्डाचेच उदाहरण घेतो, कारण आपल्याकडे ते पुष्कळ विकले गेले. एनव्हिडियाच्या स्वतःच्या माहितीनुसार लॅपटॉपमधली ही चिप ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठल्याही मर्यादेवर बसवता येते. मर्यादा किती ठेवायची, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. त्यावर प्रोसेसर मोकळा असेल तेव्हा त्याच्या वाट्याची वीज कार्डाकडे वळवण्याची सोय असते, तिला डायनॅमिक बूस्ट म्हणतात. तिच्यामुळे जाड, दणकट लॅपटॉपात हेच कार्ड १४० वॉटपर्यंत जाते. पातळ, दिसायला देखण्या मॉडेलमध्ये त्याच्या निम्म्यावर अडते. स्टिकर दोन्हीवर तोच, आणि किमतीत बरेचदा पातळ मॉडेलच महाग.

पूर्वी निदान नावावरून अंदाज यायचा. २०१७ पासून कमी वॉटच्या कार्डाच्या नावापुढे 'मॅक्स-क्यू' लागायचे. २०२१ मध्ये ३० मालिकेची कार्डे आली आणि नावातले ते शेपूट गेले. त्यावर जगभर ओरड झाली. तेव्हापासून बऱ्याच कंपन्या आपल्या संकेतस्थळावर तपशिलाच्या पानात खाली कुठेतरी वॉट देतात. पण एरंडोल, चोपडा, साक्रीहून आलेला बाप संकेतस्थळावरचे ते पान वाचून येत नाही. तो जाहिरात वाचून येतो आणि दुकानदार सांगेल त्यावर विश्वास ठेवतो. आमच्याकडचा शेतकरी विहिरीवर मोटार बसवताना 'किती एचपीची?' हे विचारल्याशिवाय पैशाला हात लावत नाही. त्याच माणसाला लाख-सव्वा लाखाचा लॅपटॉप घेताना असा प्रश्न विचारता येतो, हे कोणी सांगितलेलेच नसते.

आता खान्देशात हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा जास्त का बोचतो, ते सांगतो.

चिपची उष्णता आधी तांब्याच्या नळ्यांत जाते, तिथून पातळ पत्र्यांच्या जाळीत, आणि जाळीतून पंखा ती बाहेर ढकलतो. ही सगळी यंत्रणा चिप आणि खोलीतली हवा यांच्या तापमानातल्या फरकावर चालते. फरक जितका मोठा, तितकी उष्णता बाहेर. लॅपटॉपातली बहुतेक ग्राफिक्स कार्डे ८७ अंशांच्या आसपास स्वतःला आवरू लागतात. एसी लावलेल्या खोलीत हवा २५ अंश धरली तर फरक ६२ अंशांचा मिळतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा दुपारी पत्र्याच्या खोलीत ४२ अंश सहज असतात. मग फरक उरतो ४५ अंशांचा, म्हणजे जवळजवळ पाऊण. जी यंत्रणा थंड खोलीत १४० वॉटची उष्णता बाहेर टाकत होती, ती इथे शंभराच्या आसपास टाकते. हिशेब ढोबळ आहे, पण दुकानात मी रोज बघतो ते याच्याशी जुळते. उष्णता बाहेर जात नाही म्हटल्यावर कार्ड आपली वीज आपणच कमी करते आणि गेम अडखळू लागतो. प्रोसेसरचेही तसेच. इंटेलचे एचएक्स मालिकेतले प्रोसेसर ५५ वॉटचे म्हणून ओळखले जातात, पण जोरात पळताना त्यातले मोठे थोडा वेळ १५७ वॉटपर्यंत ओढू शकतात आणि १०० अंशांवर पोचले की वेग सोडतात. एकाच जाळीवर प्रोसेसर आणि कार्ड दोघांचा भार असला की एकाची उष्णता दुसऱ्याला भोवते.

बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी खोलीचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे असे छापलेले असते. एप्रिल-मे मध्ये आमच्या कितीतरी घरांत रात्री नऊ वाजताही खोली तेवढी उतरलेली नसते. (जुन्या धाब्याच्या घरात राहणारे ग्राहक उन्हाळ्यात माझ्याकडे कमी येतात, स्लॅब आणि पत्र्याखालचे जास्त येतात. मातीच्या धाब्याचा गारवा मशीनलाही मानवतो.) आणि मशीनची परीक्षा होते कुठे? दुकानाच्या एसीत, दोन मिनिटे गेम चालवून. तापायला वेळच मिळत नाही.

गेल्या उन्हाळ्यात पारोळा तालुक्यातले एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. कापसाच्या पैशातून मुलाला लॅपटॉप घेऊन दिलेला. मुलगा थ्रीडी ॲनिमेशन शिकतो, सुट्टीत घरीच काम करायचा. वडील म्हणाले, "भाऊ, हाऊ लॅपटॉप भलताच तपस." सर्व्हिस सेंटरने 'गेमिंग लॅपटॉप तापतोच, सगळे नॉर्मल आहे' असे सांगून परत पाठवलेले. कार्ड आरटीएक्स ४०७०, म्हणजे नावाने ४०६० च्या वरचे. मी चाचणी लावली. प्रोसेसर बघता बघता शंभराला टेकला, पंखे किंचाळायला लागले, आणि कार्ड ६० वॉटच्या वर जाईचना.

मागचे झाकण उघडले. पंख्याची पाती काळवंडलेली होतीच, पण खरा अडथळा पंखा आणि जाळी यांच्या मधल्या फटीत होता. तिथे कापसाचे तंतू आणि माती मिळून एक सलग थर झालेला. चिमट्याने एक टोक धरले तर अख्खी पट्टी निघून आली. घराजवळच जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारा कारखाना आहे, असे मुलाने नंतर सांगितले. हंगामात तिथल्या हवेत कापूस उडत असतो आणि पंखा तोच आत ओढतो. बाहेरून ब्लोअर मारला असता तर हा थर हललासुद्धा नसता, उलट जाळीत घट्ट बसला असता. चिपची उष्णता नळ्यांकडे नेणारी पेस्टही कडेला सरकून मधोमध कोरडी पडली होती. जाळी साफ केली, पेस्टऐवजी तापल्यावर मऊ होऊन बसणारे पॅड लावले, मेमरीवरची पॅड बदलली. प्रोसेसरचे तापमान चांगले खाली आले, आवाज कमी झाला, मुलाचा चेहरा खुलला.

कार्ड मात्र ६० वॉटवरच राहिले. ती मर्यादा कारखान्यातच बांधलेली. साफसफाईने ती वाढत नाही आणि कोणा कारागिराला वाढवून मागूही नये, कारण तिथला चार्जर आणि नळ्या तेवढ्याच भारासाठी बनवलेल्या असतात. पूर्ण वॉटची ४०६० अशा आवळलेल्या ४०७० च्या पुढे जाऊ शकते, आणि ती त्यांना कमी पैशात मिळाली असती. वडिलांनी विचारले, "हे दुकानात कोणी सांगितले का नाही?" त्यांना काय उत्तर देणार? त्या दुकानदाराकडे तरी आकडा असेल की नाही, शंकाच आहे.

जास्त वॉट म्हणजे चांगलेच, असे माझे म्हणणे नाही. ४०६० ला शंभर वॉटच्या पुढे कितीही वीज दिली तरी वेगात फारशी भर पडत नाही, फक्त उष्णता वाढते. वरच्या टोकाच्या कार्डांचीही नावे फसवी आहेत. लॅपटॉपमधली आरटीएक्स ४०९० आणि टेबलावरच्या संगणकातली ४०९० यांत चिपच वेगळी. संगणकातलीत १६,३८४ कूडा कोअर (चिपमधले गणिते करणारे छोटे भाग) आणि ४५० वॉट, लॅपटॉपमधलीत ९,७२८ कोअर आणि बूस्ट धरून १७५ वॉटपर्यंत. ज्याला लॅपटॉप घेऊन कॉलेजला जायचेच नाही, घरी एका टेबलावरच काम करायचे आहे, त्याला मी सरळ डेस्कटॉप सुचवतो. मोठी कॅबिनेट, मोठे पंखे, वर्षातून दोनदा घरच्या घरी झटकता येते.

विजेचेही थोडे सांगायला हवे. गेमिंग लॅपटॉपची पूर्ण ताकद फक्त चार्जर लावल्यावरच मिळते. विमानात सहज नेता यावी म्हणून बॅटरी १०० वॉट-तासांच्या आतच ठेवतात, आणि दोनशे वॉट ओढणाऱ्या मशीनला ती अर्धा तासही पुरणार नाही. म्हणून वीज गेली की मशीन स्वतःच कार्डाचे वॉट निम्म्याहून खाली आणते. 'लाइट गेली की गेम अडकतो' ही तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या मशीनमध्ये काही बिघडलेले नसते. घरचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तरच त्यावर हा चार्जर लावा. आणि मूळ २३० वॉटचा चार्जर जळाला म्हणून बाजारातून स्वस्त १२० वॉटचा आणू नका. चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरते, ती यामुळेच. टाइप-सीचा १०० वॉटचा चार्जर कॉलेजात नोट्स काढण्यापुरता ठीक. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर घरातले अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वस्त्यांत आणि खेड्यांत ते बरेचदा नुसते नावाला असते.

ज्यांनी घेतलेला आहे त्यांनी उन्हाळ्यात काय करावे? लॅपटॉपचा मागचा भाग दोन बोटे उचलून ठेवा, गादीवर ठेवू नका. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रे, ६० वर बांधून टाका. १४० फ्रेमसाठी लागणारी वीज आणि ६० साठी लागणारी यांत फार अंतर असते. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली की बहुतेक मशीनमध्ये टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो, आणि पुष्कळ गेममध्ये फरक जाणवतही नाही. कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका. आमच्याकडचे पाणी जड, कूलरच्या वाळ्यावर पांढरा थर धरतो. तुषारांबरोबर तेच पाणी मशीनच्या आत जाते आणि बोर्डावर डाग उमटलेले मी बघतो. कापूस हंगाम संपला की, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, झाकण उघडून जाळी साफ करून घ्या. मे पर्यंत थांबू नका.

नव्याने घेणाऱ्यांनी दुकानात एकच गोष्ट करावी. चालू मशीनच्या डेस्कटॉपवर राइट क्लिक करून एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा. डाव्या कोपऱ्यात खाली 'सिस्टिम इन्फर्मेशन' असते, तिथे 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर' या ओळीपुढे वॉटचा आकडा येतो. हा आकडा मोबाइलवर टिपून घ्या आणि दुसऱ्या मॉडेलशी ताडून बघा. दुकानदार उघडू देत नसेल तर दुसरे दुकान बघा.

संपादक महोदय, आपल्याकडे माझ्या दोन मागण्या आहेत. लॅपटॉपच्या जाहिराती घेताना जाहिरातदारांना कार्डाच्या नावाशेजारी कमाल वॉट छापायला सांगावे. किमतीच्या आकड्याइतक्या मोठ्या अक्षरात नसले तरी चालेल, पण चष्म्याशिवाय वाचता यावे. दुसरे, आपल्या पुरवणीत नव्या लॅपटॉपचे परीक्षण येते, त्यात चाचणी किती अंशांच्या खोलीत झाली आणि अर्ध्या तासानंतर कार्ड किती वॉटवर टिकले, हे दोन आकडे द्यावेत. परीक्षण लिहिणाऱ्यांना खान्देशातल्या मे महिन्यात चाचणी घ्यायची असेल तर माझे दुकान आणि माझी मोजमापाची साधने उपलब्ध आहेत. पत्र्याखालची खोलीही आहे.

आपला,
एक लॅपटॉप दुरुस्ती व्यावसायिक,
जळगाव