बस्ती म्हणजे झोपडपट्टी नव्हे, मंत्रिमहोदय

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

डावा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून हे पत्र नातीकडून टाइप करून घेते आहे. गेल्या रविवारी फोंड्याजवळच्या बांदिवड्याच्या नेमिनाथ बस्तीत, त्या पडक्या जैन मंदिरात, घसरून पडले आणि मनगट मोडले. शेवाळलेल्या चिऱ्यांवर, म्हणजे जांभ्या दगडांवर, गुडघाभर रान माजले होते, पाय कुठे पडतो ते दिसत नव्हते. पावसाआधी रान कापू, वाट मोकळी करू, माहितीफलक लावू, असा शब्द आपल्या कार्यालयाने मला मार्चमध्ये दिला होता. आता गणपतीची चवथ तोंडावर आली.

वय 67. फोंड्यात 31 वर्षे इतिहास शिकवला. या बस्तीसाठी पाच पत्रे लिहिली, सहा वेळा कदंबा बसने पणजीला आले. पहिल्यांदा आले तेव्हा टेबलापलीकडून प्रश्न आला, "कुठली वस्ती, बाई? झोपडपट्टीचे काम इथे होत नाही." वारसा सांभाळणाऱ्या खात्यात हे ऐकावे लागले! बस्ती म्हणजे जैन मंदिर. संस्कृत 'वसति', कानडीत 'बसदि', आपल्याकडे 'बस्ती'. चौथीच्या मुलाला एकदा सांगितले की पुरते. घरी येऊन मी त्या रात्री जेवले नाही.

नेमिनाथ कोण, हेही तिथे सांगावे लागले. बावीसावे तीर्थंकर, शंख हे त्यांचे लांछन, म्हणजे ओळखीचे चिन्ह. राजुलशी लग्न ठरले, वरात निघाली, आणि वाटेत कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश कानी पडला. वऱ्हाडाच्या जेवणासाठी ती कापणार, हे कळताच नवरदेवाने रथ मागे वळवला, दागिने उतरवले आणि गिरनार चढला. पुढे राजुलही संसार सोडून त्याच वाटेने गेली. वर्गात ही गोष्ट सांगताना दरवर्षी एखादी तरी मुलगी डोळे पुसायची. मुक्या जनावरांच्या हाकेला ज्याने लग्नमंडप सोडला, त्याच्या देवळासाठी बोलत्या माणसाने पाच वेळा हाक मारावी आणि एक फाईल हलू नये?

आता इमारतीविषयी. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो, म्हणून तर आपले पूर्वज त्याची देवळे बांधू शकले. पण तो सच्छिद्र. वरचे छप्पर आणि चुन्याचा गिलावा गेला की पाणी थेट आत मुरते, आणि गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. पक्ष्यांनी टाकलेल्या बिया सांध्यांत रुजतात. पिंपळाचे मूळ बोटाएवढे असते तेव्हा काढले तर भिंत वाचते, मनगटाएवढे झाले की मूळ ओढताना भिंतही येते. मी पहिले पत्र लिहिले तेव्हा ते बोटाएवढे होते. आणि कृपा करून सिमेंट थापू नका. सिमेंट ओल आत कोंडते आणि चिऱ्याचा भुगा होतो. चुन्याचे काम जाणणारा गवंडी लागेल.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती पाहून या. तिथेही नेमिनाथच आहेत. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने ती 1204 मध्ये बांधली. छतातल्या दगडी कमळाला 72 पाकळ्या, भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतल्या 24-24 तीर्थंकरांच्या. त्या कमळाखाली उभी राहून मी आमच्या बस्तीसाठी रडले आहे. तोही मंत्रीच होता, महोदय.

2022 च्या अर्थसंकल्पात पोर्तुगिजांनी पाडलेली देवळे उभारायला 20 कोटी रुपये जाहीर झाले. मी टाळ्या वाजवल्या होत्या. पण जे अजून उभे आहे त्याचे काय? फोंडा पोर्तुगिजांकडे गेला तो अठराव्या शतकात. त्याआधी कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा याच भागात आश्रयाला आली, आणि त्यांना उचलून आणणारी माणसे होती, देऊळ सांभाळणारे महाजन, म्हणजे देवस्थानाचे मानकरी, होते. जवळच्या नागेशीच्या देवळातला 1413 चा शिलालेख आजही वाचता येतो, कारण तिथे रोज दिवा लागतो. नेमिनाथाला इथे महाजन उरले नाहीत, मतदारही नाहीत. म्हणून का? 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर जो चिरा ढासळला, त्याचा दोष कोणत्या फिरंग्याला द्यायचा? जुने सांभाळायला 1978 चा कायदा आहे, पन्नासहून अधिक स्मारकांची राज्याची यादी आहे. यादीत नाव घातले म्हणजे कर्तव्य संपले, असे या राज्यात प्रत्येक खात्याला वाटते. शाळा, तळी, ग्रंथालये, सगळीकडे तेच. उद्घाटनाला मांडव असतो, डागडुजीला माणूस नसतो.

रान कापा, मुळे काढा, मराठी आणि कोंकणीत एक फलक लावा. माझ्या मनगटाची भरपाई मला नको.

येत्या रविवारी सकाळी 8 वाजता मी बस्तीपाशी असेन. कुणाला तरी पाठवा. पिंपळाचे मूळ कुठवर गेले आहे, ते उजव्या हाताने दाखवीन.

आपली,
फोंडा तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका