भितरकनिकाचा चिखल

प्रिय मंद्या,

फोनवर धड सांगता येईना म्हणून लिहितोय. ओडिशातलं भितरकनिका बघून आलो, आणि तिथे सारखा तू आठवत होतास. ब्राह्मणी, वैतरणी समुद्राला मिळतात तिथलं हे खारफुटीचं जंगल, 1998 ला नॅशनल पार्क झालं, क्षेत्रफळ जेमतेम 145 चौरस किलोमीटर, पण खाड्या, चिखलाचे पट्टे, दाट तिवरं, आत चितळांची गवताळ मोकळी जागा आणि पलीकडे थेट बंगालचा उपसागर, सगळं एकाला एक लागून.

चांदबालीहून बोट घेतली आणि खोलाच्या खाडीत शिरलो तेव्हा ओहोटी लागलेली. सगळे मगरी शोधत होते, मी चिखलच बघत बसलो रे! निवट्या, म्हणजे चिखलातले ते छोटे मासे, परांवर रेटा देत सरकतायत, मधेच टुणकन उडी, आणि शेजारी इवले खेकडे, नराची एकच नांगी भलीमोठी, ती वरखाली हलवत मादीला बोलावतो, बोटीची सावली पडली की सगळे एका क्षणात बिळात गुडुप. काकूंचं निवट्यांचं कालवण आठवलं.

मगरीही दिसल्या, थंडीत उन्हाला येऊन पडतात, अंगावर चिखल सुकलेला त्यामुळे बोटवाल्याने दाखवेपर्यंत कळतच नाही. 1975 मध्ये शंभरच्या आत उरल्या होत्या, मग पार्कमधल्याच डांगमाळला अंडी आणून पिल्लं वाढवून सोडायला लागले, आता 1800 च्या आसपास आहेत. पण काठावरच्या गावांत नदीच्या घाटांना कुंपण घालावं लागलंय, बायका त्याच्या आतच आंघोळ, धुणी करतात. मगरी वाचल्या त्याचं कौतुक करताना ह्या लोकांनाही हिशोबात धरलं पाहिजे असं मला फार वाटलं.

आणि हे तुझ्यासाठी: जवळच्याच गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं हजारोंनी येतात. 2021 मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये तुमच्या गुहागरला अंडी घालून गेली! अख्ख्या देशाला वळसा! दोन्ही किनारे असे जोडलेले आहेत, म्हणून म्हणतो, तुमच्या खाडीतली तिवरं तोडून भराव टाकायचं गावात कोणी काढलं तर गप्प बसू नकोस.

येणार असशील तर जानेवारी बघ, मे ते जुलै मगरींच्या विणीसाठी पार्क बंद असतं. भद्रकपर्यंत ट्रेन, पुढे चांदबाली गाडीने. भरती-ओहोटीची वेळ आधी विचार आणि ओहोटीचीच बोट धर. मी परत यायला तयार आहे, तारीख कळव.

तुझा,
सुन्या