१२० की १३०?

प्रिय विनू,

तीन महिने उत्तर नाही म्हणून रागावला असशील. रागव. तब्येत बरी आहे. आज लिहायलाच बसलो, कारण आपलं जुनं भांडण तू जिंकलास.

मधुमेहात वरचं प्रेशर १२० च्या खाली आणावं, हे तुझं म्हणणं; माझं, १३० पुरे. मी दर वेळी २०१० ची 'ॲकॉर्ड' चाचणी पुढे करायचो: १२० च्या खाली ठेवलेल्या गटात १४० च्या गटापेक्षा पक्षाघात कमी झाले, पण हृदयविकार धरून एकत्र पाहिलं तर ठोस फरक नाही, आणि औषधांचे गंभीर त्रास १.३ ऐवजी ३.३ टक्के. २०२४ मध्ये चीनमधल्या चाचणीचा निकाल आला. १२,८२१ माणसं, तेच १२० विरुद्ध १४०, आणि हृदय-मेंदूच्या मोठ्या घटना सुमारे २१ टक्क्यांनी कमी. मानलं तुला.

पण हा विजय नानांवर लगेच वापरू नकोस. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणालास, तेव्हापासून चैन नाही. मधुमेहात रक्तवाहिन्या आवळणारे मज्जातंतू दुबळे पडू शकतात आणि उभं राहताच रक्त पायांत उतरतं. त्यांना पाच मिनिटं आडवं ठेवून प्रेशर घे, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना दाखव.

आणि प्रेशर मोजायचा तो पट्टा बदल! नानांच्या जाड दंडाला लहान पट्टा आकडा उगाच चढवतो. आतल्या फुग्याने दंडाचा ८० टक्के घेर व्यापला पाहिजे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, पाच मिनिटं गप्प. (नाना गप्प! बघ जमतंय का.) सात दिवस, सकाळी गोळीआधी आणि रात्री, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोज. पहिला दिवस सोडून सरासरी काढ. १३०/८० च्या खाली असेल तर पुढची घाई नको.

टेल्मिसार्टन (त्यांची प्रेशरची गोळी) वाढवलंच, तर दोन ते चार आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासून घे. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत चढलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. पोटॅशियम वाढलं असेल, किंवा जुलाब-उलट्या लागल्या, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

नव्या नोकरीचं अभिनंदन. पियूची परीक्षा कशी गेली? वहिनींना नमस्कार सांग.

आकडे पाठव. उभ्याचेसुद्धा.

तुझा,
बंडू