कारण-परिणामाचे इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सादर प्रणाम.

रावेर परिसरातून परदेशी जाणाऱ्या केळीचा इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळताना आपण शिकवलेले शब्द मला रोज उपयोगी पडतात, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र लिहीत आहे.

मराठीत ‘कारण’ हा शब्द सगळीकडे चालतो. इंग्रजीत तसे नाही, हे आपण आमच्या बागेतल्या पिवळे पट्टे पडलेल्या पानावरून समजावलेत. मावा किडीमार्फत पसरणारा विषाणू हे केळीच्या सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) रोगाचे ‘कॉज’, कारण रोग त्यानेच घडवला. पण शेतकरी रोगट झाड उपटून टाकतो, त्यामागचा त्याचा विचार म्हणजे ‘रीझन’. पहिल्यापुढे ‘ऑफ’ लागते, दुसऱ्यापुढे ‘फॉर’. ‘अफेक्ट’ हे क्रियापद आणि ‘इफेक्ट’ हे बहुधा नाम, हेही त्याच ओघात पक्के झाले.

मला सर्वांत मोलाची वाटते ती ‘रिझल्ट इन’ आणि ‘रिझल्ट फ्रॉम’ यांची शिकवण. निर्यातीची हिरवी केळी कंटेनरमध्ये साधारण १३ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात आणि थंडावा कमी पडला, तर ती वाटेतच पिकू लागतात. अशा वेळी खरेदीदाराला लिहिताना थंडाव्यातला बिघाड आधी मांडला, तर ‘रिझल्टेड इन’ आणि पिकलेला माल आधी मांडला, तर ‘रिझल्टेड फ्रॉम’ लिहावे लागते. तेवढा एक शब्द चुकला, तर माल पिकल्यामुळे थंडावा बिघडला, असा उलटाच अर्थ निघतो आणि नुकसान कोणी सोसायचे यावर वाद उभा राहतो. फळ्यावर कारणाकडून परिणामाकडे बाण काढून मगच वाक्य लिहायचे, ही आपण लावलेली शिस्त मी आजही वहीत पाळते.

‘कॉन्सिक्वेन्स’ बहुधा नकोशा परिणामासाठी वापरतात, तर ‘आउटकम’ म्हणजे निवडणूक किंवा वाटाघाटी यांसारख्या गोष्टीतून शेवटी जे निघाले ते, मग ते बरे असो वा वाईट. ‘बिकॉज’पुढे पूर्ण वाक्य आणि ‘बिकॉज ऑफ’पुढे नाम किंवा नामाच्या जागी येणारा शब्द येतो, हा नियम तर इथल्या स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने लक्षात ठेवावा असा आहे.

दिवसभर शाळेत शिकवून संध्याकाळी आपण आम्हाला एक रुपयाही न घेता शिकवलेत, याची मला पूर्ण जाणीव आहे. आपल्या टिपणांच्या प्रती मी कामावर नव्याने आलेल्या मुलींना दिल्या आहेत. त्यांच्या वतीनेही आपले मनःपूर्वक आभार.

आपली विद्यार्थिनी