वह्या कपाटात ठेवू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

दोन वह्या पाठवते आहे. ‘एवढी चांगली वही, नंतर वापरू’ असं म्हणाल, ते चालणार नाही.

आधी पाठ सैल करा, नाहीतर लिहिताना पानं एका हाताने दाबून धरावी लागतील. वही पाठीवर उभी ठेवून दोन्ही पुठ्ठे आडवे पाडा. पुढची आठ-दहा पानं उलटून शिवणीलगत बोट हलकेच फिरवा, मग मागची तेवढीच, असं करत मध्यापर्यंत या. एकदम मधूनच उघडून दाबली तर पाठ तिथे मोडते. या दोन्ही वह्या दोऱ्याने शिवलेल्या आहेत. पाठीकडे वरून पाहिलंत तर दुमडलेल्या कागदांच्या जुड्या दिसतील. नुसत्या गोंदाने चिकटवलेली वही अशी सपाट केली तर पानं सुटून हातात येतात.

बाबा, कागद जाड म्हणजे चांगला असं नाही. ८० जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ८० ग्रॅम, एवढंच. शाई फुटेल की नाही हे बरंचसं, शाई आत मुरू नये म्हणून कागदाला दिलेल्या खळीवर ठरतं. तोमोए रिव्हर हा जपानी कागद ५२ जीएसएमचासुद्धा मिळतो, तरी त्यावर शाईपेनाची शाई फुटत नाही. मागची अक्षरं सावलीसारखी दिसतात, ते मात्र सोसावं लागतं. खळ कमी असेल तर १०० जीएसएमचा कागदही शाई पितो. पण खळीच्या कागदावर शाई वाळायला वेळ लागतो, म्हणून सोबत टिपकागद ठेवलाय. लिहिताना तळव्याखालीही एक कागद घ्या. हाताचा तेलकटपणा कागदाला लागला की तिथे निब कोरडी चालते, आणि दोष पेनाला जातो.

शाईपेनात चित्रकलेची पक्की काळी शाई कधीही भरू नका. ती आत वाळून बसते.

आई, तुझी वही ८ मिमी रेघांची आणि पिवळसर कागदाची आहे, पांढऱ्याशुभ्र कागदासारखी ती डोळ्यांवर चमकत नाही. बॉलपेन दाबावं लागतं, बोटं दुखतात, ०.७ चं जेलपेन घे. बाबांच्या वहीत ५ मिमीवर ठिपके आहेत, एक ठिपका सोडून ओळ धरली की १० मिमी मिळतात.

पहिली दोन पानं अनुक्रमणिकेसाठी सोडा आणि पानांना आकडे घाला. रोज पान भरायचं ठरवू नका. वर्षासकट तारीख आणि तीन ओळी पुष्कळ झाल्या. तारखा छापलेली डायरी मुद्दामच पाठवली नाही, चार दिवस चुकले की कोरी पानं डोळ्यांत खुपतात.

मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्या वहीत चिकटवू नका. त्यांची छपाई उष्णतेने उमटलेली असते, ती उडून जाते; आकडे हाताने उतरवून घ्या. घासून खोडता येणारं जेलपेनही नको, त्याची शाई उष्णतेनेच अदृश्य होते. उन्हात तापलेल्या गाडीत वही राहिली तर लिहिलेलं सगळं गेलं. साधी चिकटपट्टीसुद्धा काही वर्षांत पिवळी पडून कागदावर डाग सोडते.

शेवटच्या पानावर घरातल्या प्रत्येक पेनाने एक ओळ लिहा, एक ठिपका देऊन त्यावर पेन तीन सेकंद टेकवून धरा आणि शेजारी पेनाचं नाव लिहा. वाळल्यावर त्या पानाचा पाठपोट फोटो पाठवा, म्हणजे कुठलं पेन कुठल्या वहीला चालेल ते कळवते.

तुमची लेक